माळकरी ड्रायव्हर, निळी बाटली आणि गेटवरची फुंक

पत्र असं आलंय, थोडं छोटं करून देते:

"ताई नमस्कार. मी पैठण तालुक्यातला. वाळूजला एका कंपनीची स्टाफ बस चालवतो, ठेकेदाराकडून. गळ्यात माळ आहे, आमच्या घरात वडिलांच्या वेळेपासून दारूचा थेंब नाही. तंबाखू आहे, खोटं कशाला बोलू. हिरड्यातून रक्त यायलं आणि तोंडाचा वास यायला म्हणून दाताच्या डॉक्टरला दाखवलं, त्यांनी गुळण्याचं औषध लिहून दिलं, ते मेडिकलमधी नव्हतं तर त्यानं दुसरी निळी बाटली दिली, तीच वापरायलो. मागच्या महिन्यात पहाटे कंपनीच्या गेटवर गाडी लावायच्या आधी कॅबिनमधीच चूळ भरली, तंबाखूचा वास यायला नको म्हणून. त्या दिवशी नेमका चेकिंगला माझा नंबर लागला. फुंक मारली तर ६४ आलं. शिक्युरिटीवाला हसला, म्हणला काय महाराज. मला उतरवलं, एका कागदावर सही घेतली, 'मद्यप्राशन करून कामावर आला' असं लिहिलेलं. आठ दिवस बसवलं, आता घेतलंय पण पुढच्या वेळी कायमचं बंद म्हणायलेत. गावात कळलंय, दिंडीतले लोक तोंडावर काही बोलत नाहीत पण बघायची नजर बदलली. घरची सुद्धा म्हणली, खरं सांगा. गुळणीनं एवढं येतं का का मशीनच खराब आहे? आता मी काय करू? ही बाटली वापरली म्हणजे माळेला बट्टा लागला का? आणि एक, माझ्या सोबतचा दुसरा ड्रायव्हर रात्री घेतो, तो म्हणतोय बरं झालं, आता माझं निघालं तर मी पण माउथवॉशच सांगणार. त्याला काय सांगू?"

भाऊ, पहिल्यांदा तुमच्या घरच्यांना हे वाचून दाखवा. हो, येतं. चूळ भरून तीन-चार मिनिटांत फुंक मारली तर ६४ (म्हणजे शंभर मिली रक्तात ६४ मिलिग्रॅम अल्कोहोल) काय, त्याच्याही वर येतं. मशीन खराब असलीच पाहिजे असं काही नाही आणि तुम्ही प्यायलेलेही नाहीत, दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

मी बरीच वर्षं कारखान्याच्या फर्स्ट-एड रूममध्ये नर्स होते, तिथं ही फुंक मारून दारू तपासायची मशीन माझ्याच टेबलावर असायची, त्यामुळं हिचा स्वभाव मला माहितीये. कसंय, पोटात गेलेली दारू रक्तात मिसळती, रक्त फुप्फुसात जातं आणि तिथून थोडी थोडी वाफ श्वासात येती. रक्तात जेवढं अल्कोहोल, त्याच्या साधारण २१०० वा हिस्सा तेवढ्याच आकाराच्या श्वासात असतो, असा हिशोब मशीनमध्ये भरलेला आहे. म्हणजे मशीन श्वासात सापडेल त्याला २१०० नं गुणती आणि रक्तात एवढं असं सांगून मोकळी होती. आता हे गणित तेव्हाच बरोबर जेव्हा ती वाफ खरंच फुप्फुसातून आलेली असंल. तुमची वाफ आली गालातून, जिभेवरून, दातांच्या फटीतून, तिथं गुळणीचं औषध नुकतंच लागलेलं होतं. मशीनला तोंडातली वाफ आणि छातीतली वाफ यातला फरक कळत नाही (काही महागड्या मशीनला थोडा कळतो, गेटवरच्या हातातल्या मशीनला नाही), तिनं तोंडातल्या वाफेला पण तेच २१०० लावलं आणि आकडा फुगला.

आणि औषध साधंसुधं नसतं बरं का. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या लिस्टरीनच्या जुन्या पिवळ्या प्रकारात २६.९ टक्के अल्कोहोल आणि कूल मिंटमध्ये २१.६ टक्के, असं लेबलवरच असतं. बिअर पाच ते आठ टक्क्यांची आणि आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्क्यांची, म्हणजे अशी बाटली व्हिस्कीच्या निम्म्याला टेकलेली. अमेरिकेत १९९३ साली डॉक्टरांनी माणसांना अशा चुळा भरायला लावून मशीनवर फुंकायला लावलं होतं, दोनच मिनिटांनी २४० पर्यंत रीडिंग गेलं. २४० म्हणजे माणूस सरळ चालू शकणार नाही इतकं, आणि ती माणसं तर ठणठणीत उभी होती. पण दहा मिनिटांत तेच रीडिंग धडाधड खाली आलं. तुमच्या सगळ्या भानगडीचं उत्तर याच गोष्टीत आहे, तोंडातलं अल्कोहोल पंधरा-वीस मिनिटांत उडून जातं आणि पोटातलं जात नाही.

आता तुम्ही म्हणताल की थोडं गिळलं गेलं असंल तर? हिशोब करून बघू. एक चूळ २० मिली धरली, त्यात २१ टक्क्यांनी चार मिलीच्या आसपास शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीच्या एका क्वार्टरमध्ये (१८० मिली) ते ७७ मिली असतं. म्हणजे थुंकायचं सोडून अख्खी चूळ गिळली तरी सत्तर किलोच्या माणसाच्या रक्तात सात-आठच्या वर आकडा जात नाही, आणि तासाभरात तोही गायब. ६४ रक्तातून यायला चुळा नाही, गटागटा बाटली प्यावी लागंल, आणि ते कुणी करू नये, पोटाची वाट लागती.

तर पहिलं काम, ती निळी बाटली आज बंद. ड्युटीच्या आधी बंद आणि सुट्टीला चालू असलं अर्धवट काही नको, कारण पहाटे साडेचारला झोपेत हात बाटलीकडंच जातो आणि घड्याळ कुणी बघत नाही. उद्या तुम्ही म्हणलात मी तर वीस मिनिटं आधी गुळणी केली होती, तर ते सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येती, गेटवरच्या माणसावर नाही. विमानवाल्यांचं बघा. डीजीसीएनं (विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं) २०२३ मध्ये वैमानिक आणि केबिन क्रूच्या नियमात सरळ लिहून टाकलं की अल्कोहोल असलेलं माउथवॉश, टूथ जेल असलं काही वापरायचंच नाही, त्यानं टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकती म्हणून. एवढे शिकलेले, एवढे पगारदार लोक, त्यांनाही किती वाजता चूळ भरलीस हे विचारत बसायचं नाही असं ठरलं. मग ठेकेदाराच्या ड्रायव्हरचं कोण ऐकणार आहे. नियम कडक वाटतो पण मला विचाराल तर तो बरोबर आहे, कारण वाद घालण्यापेक्षा दुसरी बाटली घेणं स्वस्त पडतं.

दुसरी बाटली मिळती का, तर मिळती, त्याच दुकानात त्याच फळीवर. डॉक्टरनं तुम्हाला बहुतेक क्लोरहेक्सिडीन लिहिलं असणार, हिरड्यातून रक्त येत असलं की तेच देतात, ०.२ टक्क्यांचं, आणि ते बिनअल्कोहोलचं सहज मिळतं. फक्त ते महिनोन्‌महिने वापरायचं नाही, दातावर तपकिरी डाग धरतं आणि तोंडाची चव जाती, डॉक्टर सांगतील तेवढे दिवस, बहुतेक दोन आठवडे. मेडिकलवाला म्हणला हेच घ्या सारखंच आहे, तर त्याच्याकडून बाटली हातात घ्या आणि मागचं बारीक वाचा, वाचता येत नसलं तर पोराला फोटो काढून पाठवा. अल्कोहोल, इथेनॉल, इथाइल अल्कोहोल, अल्कोहोल डिनॅट यातलं काही दिसलं की परत द्या. सॉर्बिटॉल, झायलिटॉल लिहिलेलं असतं ते गोडीसाठी, त्याला मशीन काही करत नाही. झिरो अल्कोहोल असं पुढंच मोठ्या अक्षरात छापलेल्या बाटल्या पण येतात, रंग त्यांचाही निळा असू शकतो म्हणून रंगावर जाऊ नका, एकाच कंपनीच्या दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात, एकीत आहे आणि एकीत नाही. आणि खर्चच करायचा नसंल तर कोमट पाण्यात मीठ, कुणी काही म्हणत नाही.

बाटली सोडून बाकीच्या गोष्टी पण घरात असतात ज्यांच्याकडं आपलं लक्ष जात नाही. दशमूलारिष्ट, द्राक्षासव, अशोकारिष्ट, जेवढी आसवं-अरिष्टं आहेत त्यांच्यात आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतंच, पाच ते दहा टक्क्यांपर्यंत, आयुर्वेदिक आहे म्हणून मशीन सोडत नाही. होमिओपॅथीचे थेंब तर अल्कोहोलमध्येच बनवतात, मदर टिंक्चर म्हणतात त्यात तर निम्म्याहून जास्त पण असतं. काही खोकल्याची औषधं. आणि सॅनिटायझर, हे मी डोळ्यानं बघितलंय, गार्ड हाताला चोळतो, त्याच ओल्या हातानं नळी लावतो आणि तशीच समोरच्याच्या तोंडासमोर धरतो. तुम्ही म्हणा, दादा, हात वाळू द्या आणि नवीन नळी लावा. चिडला तर चिडू द्या. आपला घास जायलाय, त्याचा नाही.

केरळमध्ये काय झालं ते सांगते, तुम्हाला हसू पण येईल आणि कामाला पण येईल. २०२५ च्या जुलैत तिकडच्या सरकारी बसच्या पंदळम डेपोत सकाळी ड्रायव्हर मशीनवर फेल व्हायला लागले, आणि त्यांनी खाल्लं काय होतं, तर पिकलेला फणस. कुणी घरून आणलेला, सगळ्यांनी मिळून खाल्ला. ड्रायव्हर म्हणले आम्ही प्यायलेलो नाहीत, वाटलं तर रक्त तपासा. मग तिथं कुणाच्या तरी डोक्यात बरोबर आलं, टेस्ट पास झालेल्या एकाला फणस खायला दिला आणि परत फुंकायला लावलं, तोही फेल. विषय संपला. पिकून आंबायला लागलेल्या फळात थोडं अल्कोहोल असतं, ते तोंडात राहतं, तुमच्या चुळीसारखंच.

आता तुम्हीही हेच करायचं. सेफ्टी ऑफिसरला भेटा, ठेकेदाराला नाही, ठेकेदाराला तुमच्या इज्जतीशी देणंघेणं नाही, त्याला गाडी वेळेवर लागली म्हणजे झालं. ऑफिसरला म्हणा, साहेब, माझ्या सुट्टीच्या दिवशी मी येतो, गाडीची चावी तुमच्याकडं. तुमच्यासमोर आधी कोरडी फुंक मारतो, शून्य येईल. मग तीच बाटली, तीच चूळ, दोन मिनिटांनी फुंक, आणि तिथंच बसून राहतो, कुठं जात नाही, वीस मिनिटांनी परत फुंक. तिन्ही रीडिंग वहीत लिहा. नव्वद टक्के सेफ्टीवाले याला नाही म्हणत नाहीत, माझ्या अनुभवात त्यांना असल्या प्रयोगाची हौस असती आणि पुढच्या ट्रेनिंगला त्यांना दाखवायला गोष्ट मिळती. त्या दिवशीचं रीडिंग यानं बदलणार नाही हे खरं, पण तुम्ही सांगितलेलं कारण थापेतलं नाही एवढं कागदावर येईल.

रक्त तपासून घेऊ का असं मनात आलं असंल तर आता उपयोग नाही. महिना झाला, दारू असती तरी दुसऱ्या दिवशीच गेली असती. लघवीची एक वेगळी टेस्ट असती, ईटीजी म्हणतात, ती दोन-तीन दिवसांपूर्वीची पण दारू पकडती, पण ती इतकी बारीक पकडती की रोज चुळा भरणाऱ्यामध्ये सुद्धा थोडं निघू शकतं, अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्यानंच २००६ मध्ये सांगितलं होतं की नुसत्या या टेस्टवरून कुणावर कारवाई करू नका. त्यामुळं कुणी लॅबवाला म्हणला पाच हजारात सर्टिफिकेट देतो तर पैसे घालू नका.

कागदाचं मात्र मनावर घ्या. तुम्ही ज्याच्यावर सही केली त्यात 'मद्यप्राशन करून' असं आहे, हे वाक्य तुमच्या फाईलला चिकटलंय आणि पुढच्या वेळी तेच काढून दाखवतील. त्याच्यावर एक साधा अर्ज द्या, वकील लागत नाही. तारीख, गेटवर किती वाजता आलो, चूळ किती वाजता भरली, बाटलीचं नाव, सोबत बाटलीच्या मागच्या लेबलचा फोटो आणि दाताच्या डॉक्टरच्या चिठ्ठीची झेरॉक्स. मग लिहा की पंधरा-वीस मिनिटांनी दुसरी टेस्ट घेतली नाही, रक्त तपासणीला पाठवलं नाही, म्हणून 'मद्यप्राशन' हा शब्द काढून फक्त रीडिंगची नोंद ठेवावी ही विनंती. मशीनचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं ते पण विचारा, हक्कानं विचारा, वजनकाट्याचं करतात तसं हिचंही ठरल्या वेळी करावं लागतं. अर्जाच्या तीन प्रती, एकीवर शिक्का आणि सही घेऊन ती घरी ठेवायची. एक प्रत ठेकेदाराला, एक कंपनीच्या एचआरला, कारण गाडी ठेकेदाराची असली तरी गेट कंपनीचं आहे. पोच दिली नाही तर स्पीड पोस्टानं पाठवा, पोस्टाची पावती हीच पोच. आणि एवढं करूनही काढलंच, तर संभाजीनगरला कामगार उपायुक्तांचं ऑफिस आहे, तिथं हाच अर्ज घेऊन जायचं, रिकाम्या हातानं गेलात तर ऐकून घेतील आणि चहा पाजून पाठवतील.

परत कधी असं झालं तर (होणार नाही, पण नशीब कुणाच्या हातात), भांडायचं नाही, फुंकायला नाही म्हणायचं नाही, निघून तर अजिबात जायचं नाही. जागेवरच म्हणायचं, मी अमुक वाजता अमुक गोष्ट तोंडात घेतली, मला पाण्यानं चूळ भरू द्या, इथंच तुमच्या नजरेसमोर वीस मिनिटं बसतो, परत घ्या. ही काही सवलत मागणं नाही, अमेरिकेत ट्रक आणि बसच्या ड्रायव्हरांच्या सरकारी नियमात पहिलं रीडिंग आलं की कमीत कमी १५ मिनिटं थांबून दुसरी पक्की टेस्ट घ्यायची असंच लिहिलंय, आणि त्या वेळात काही खायचं-प्यायचं नाही. नुसत्या पाण्याच्या चुळीनं लगेच शून्य होईल असं मात्र समजू नका, पाणी थोडी मदत करतं, खरं काम वेळ करतो. दुसऱ्यांदा पण आलं तर म्हणा मला घाटीत (संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात) न्या, रक्त घ्या. आणि दोन्ही रीडिंग वेळेसकट वहीत लिहिल्याशिवाय सही नाही. सही करायचीच वेळ आली तर खाली आपल्या अक्षरात लिहायचं, 'रीडिंग मान्य नाही, दुसरी टेस्ट मागितली', मग सही.

रस्त्यावर पोलिसांनी धरलं तर जरा वेगळं आहे, कारण तिथं नोकरीचा प्रश्न नाही, खटल्याचा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, शंभर मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर निघालं की पहिल्या वेळी दहा हजार दंड नाहीतर सहा महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. परत सापडला तर पंधरा हजार दंड नाहीतर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तुमचं ६४ त्या हिशोबानं दुपटीच्या वर होतं, नगर नाक्यावर निघालं असतं तर गाडी तिथंच उभी राहिली असती आणि मागं पन्नास माणसं शिफ्टला उशीर झाला म्हणून बोंबलत. तिथंही तेच, आधीच सांगा, थांबतो म्हणा, रक्त तपासा म्हणा, कायद्यात रक्ताच्या तपासणीची सोय आहे. पण फुंकायला नकार देऊ नका, नकार दिला की तोच तुमच्या विरोधात धरता येतो.

माळेचं विचारलंत. मी कुणी महाराज नाही, तुमच्या फडावरच्या मोठ्या माणसाला विचारा, पण माझं मत विचारताय तर देते. तुम्ही औषध म्हणून तोंडात घेतलं आणि थुंकलं, आत काय आहे हे माहीत नव्हतं, यात माळ उतरवण्यासारखं काय झालं मला दिसत नाही. कळल्यावरही तीच बाटली चालू ठेवली असती तर बोलायला जागा होती. दिंडीतल्या लोकांना प्रत्येकाला धरून समजावत बसू नका, त्यानं उलटाच संशय वाढतो. विणेकऱ्याला किंवा ज्याचं सगळे ऐकतात अशा एकाला घरी चहाला बोलवा, बाटली समोर ठेवा, लेबल त्यालाच वाचू द्या. तो पुढचं काम करंल. घरच्यांनाही तेच, त्यांनी 'खरं सांगा' म्हणलं ते तुम्हाला लागलेलं दिसतंय, पण पहाटे उतरवून दिलेला माणूस घरी आला तर बायको दुसरं काय विचारणार.

मला राग त्या चुळीचा नाही आला, तंबाखूचा आला. दारूला शिवत नाही म्हणून छाती पुढं आणि चुन्याची डबी खिशात, हा कोणत्या ग्रंथातला हिशोब आहे? सगळी गोष्ट सुरू कुठून झाली, तर वास लपवण्यापासून. वास कशाचा, तर तंबाखूचा आणि सुजलेल्या हिरड्यांचा. ती बाटली वासावर पांघरूण घालती, हिरडी बरी करत नाही. दातावर जो दगड साठतो तो चुळीनं निघत नाही, तो मशीननं खरवडून काढावा लागतो, संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात कमी पैशात करून देतात, सकाळी लवकर जाऊन नंबर लावा. जीभ रोज घासा, निम्मा वास जिभेच्या मागच्या भागातला असतो. आणि आरशासमोर उभं राहून आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसली, किंवा तिखट लागलं की गालाच्या आत आग होत असली, किंवा पांढरा चट्टा दिसला, तर दात-हिरड्या सोडा, त्याच दिवशी डॉक्टरला तोंड दाखवा. गुटखा आपल्या राज्यात २०१२ पासून बंद आहे आणि प्रत्येक टपरीवर मिळतो, त्यामुळं तुमच्या पुडीत नक्की काय असतं हे तुम्हालाही माहीत नसणार. एक जण म्हणला होता मला, मॅडम तंबाखू सोडली तर पहाटे डोळा लागतो. त्याला शेंगदाणे दिले खिशात ठेवायला, पंधरा दिवस चिडचिड केली, मग राहिला शेंगदाण्यावर. सगळ्यांना जमतंच असं नाही, पण तुम्ही एक तरी प्रयत्न करा.

राहिला तुमचा जोडीदार. त्याला वाटायलंय की तुमच्या प्रकरणानं त्याला पळवाट सापडली. त्याला हा हिशोब वाचून दाखवा. रात्री दहाला एक क्वार्टर संपवला, माणूस सत्तर किलोचा, तर रक्तात शंभर-सव्वाशेच्या घरात जातं. लिव्हर तासाला साधारण पंधरा कमी करतं, झोपलं तरी पंधरा, लिंबू पिलं तरी पंधरा, गार पाण्यानं आंघोळ केली तरी पंधराच. पहाटे पाचला गेटवर आला तर सात तास झाले, अजून वीस-पंचवीस बाकी. कायद्याच्या ३० च्या जरा खाली असंल एखाद्या वेळी, पण तुमच्या कंपनीत शून्य पाहिजे म्हणतात ना. आणि हाफ मारली असंल तर दुपारी जेवायच्या सुट्टीपर्यंत सुद्धा तो ३० च्या वरच आहे, त्याला वाटत असतं मी झोपून उठलो, फ्रेश आहे, आणि मागं पन्नास माणसं बसलेली. दारू ज्याला जास्त चढती, वजन कमी, लिव्हर थकलेलं, त्याचं याहून वाईट.

तो माउथवॉश म्हणंल, गार्ड म्हणंल बस वीस मिनिटं. तुमचं ६४ वीस मिनिटांनी शून्य झालं असतं. त्याचं पंचवीसचं फार तर वीस होईल. मग परत फुंक, परत वीस. तिथं त्याची बाटली, लेबल, डॉक्टरची चिठ्ठी काही कामाला येणार नाही, आणि आधी खोटं बोलला हे वरून लिहिलं जाईल. त्याला म्हणा घ्यायचीच असंल तर दुसऱ्या शिफ्टची गाडी मागून घे किंवा सुट्टीच्या आदल्या रात्री घे, आणि रोजच लागत असली तर घाटीत मानसोपचार विभागात दाखव, तिथं दारू सोडवायचे उपचार होतात. पहाटेच्या गाडीवर मात्र त्याला बसू देऊ नका, तुम्हाला माहीत असून गप्प बसलात आणि छावणीच्या वळणावर काही झालं तर तुम्हालाही विचारतील, माहीत होतं ना?